जॉन जे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या स्थापनेच्या काळावर मी बरीच वर्षं लिहितो-बोलतो आहे. वॉशिंग्टन, जेफर्सन, हॅमिल्टन यांच्याबद्दल लोकांना बरंच ठाऊक असतं, त्यामुळे त्यांच्याविषयी फारसं कुणी विचारत नाही. जॉन जे यांच्याबद्दल मात्र सारखी विचारणा होते. कायद्याचे विद्यार्थी विचारतात, न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडचे मराठी पालक मुलांचा शाळेतला प्रकल्प समोर ठेवून विचारतात, आणि काही जण निव्वळ हुज्जत घालायला विचारतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदा सगळी इथे लिहून ठेवतो. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्यात उगाळलेला नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जॉन जे म्हणजे नक्की कोण? थोडक्यात सांगा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश. स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एवढं लिहिलं तरी गुण मिळतील, पण त्यांच्या आयुष्याच्या मानाने ते फारच अपुरं आहे. सरन्यायाधीशपद त्यांनी जेमतेम साडेपाच वर्षं सांभाळलं आणि ते त्यांना फारसं आवडलंही नाही. त्याआधी ते न्यूयॉर्क राज्याच्या पहिल्या राज्यघटनेचे मुख्य लेखक, त्या राज्याचे मुख्य न्यायाधीश, काँटिनेंटल काँग्रेसचे (म्हणजे बंड केलेल्या तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेचे) अध्यक्ष, स्पेनमधले दूत, इंग्लंडशी तह करणाऱ्या तिघा प्रमुखांपैकी एक आणि पाच वर्षं देशाचे परराष्ट्र सचिव होते. नंतर इंग्लंडशी आणखी एक तह करून आले आणि सहा वर्षं न्यूयॉर्कचे गव्हर्नर राहिले. जन्म १२ डिसेंबर १७४५, मृत्यू १७ मे १८२९.

एवढं करूनही नोटेवर चेहरा नाही की घराघरांत नाव नाही. माझ्या मते याचं कारण असं, की त्यांची सगळ्यात मोलाची कामं बहुतेक वेळा कशाला तरी ‘नाही’ म्हणण्याची होती, आणि नकाराचे पुतळे सहसा उभे राहत नाहीत.

२. आडनाव ‘जे’ की ‘जय’? आणि मुंबईच्या जे. जे.शी काही संबंध?

‘जे’. इंग्रजी वर्णमालेतल्या अक्षरासारखाच उच्चार. काही जुन्या मराठी मजकुरांत ‘जय’ दिसतं, ते चूक. जे. जे. रुग्णालय आणि कलाशाळा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या नावाच्या आहेत, त्यांचा इथे काडीचाही संबंध नाही. मराठीत ‘जे’ हे सर्वनामही असल्याने वाक्यं कधी कधी गमतीदार होतात, तेवढं सांभाळून घ्या. मुंबईशी खरा संबंध वेगळाच आहे, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

३. घराणं इंग्रज होतं का? शिक्षण कुठे झालं?

इंग्रज नव्हतं. वडील पीटर जे फ्रेंच ह्युगेनो, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या व्यापारी घराण्यातले. फ्रान्समध्ये या पंथाचा छळ सुरू झाला तेव्हा आजोबा ला रोशेल सोडून न्यूयॉर्कला आले. आई मेरी व्हॅन कोर्टलँड, न्यूयॉर्कच्या जुन्या डच घराण्यातली. भावंडांपैकी दोघांची दृष्टी देवीच्या साथीत गेली. या मुलांना शहराच्या धकाधकीपासून दूर ठेवावं म्हणून कुटुंब राय या गावी राहायला गेलं. जॉन त्या वेळी तान्हा होता.

पुढे किंग्ज कॉलेज (आजचं कोलंबिया विद्यापीठ), १७६४ साली पदवी, एका वकिलाकडे उमेदवारी आणि १७६८ साली वकिलीची सनद. १७७४ साली सारा लिव्हिंग्स्टन यांच्याशी लग्न झालं. तेव्हा नवरदेव अठ्ठावीस वर्षांचे आणि नवरी सतरा वर्षांची. सासरे विल्यम लिव्हिंग्स्टन दोन वर्षांनी न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले.

घराण्याचा हा तपशील एका कारणासाठी लक्षात ठेवा. ‘आपण सगळे एकाच पूर्वजांचे, एकच भाषा बोलणारे, एकच धर्म पाळणारे लोक आहोत’ असं अमेरिकनांना उद्देशून पुढे यांनीच लिहिलं (प्रश्न ८). एक बाजू फ्रेंच आणि दुसरी डच असलेल्या माणसाने!

४. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही का नाही? विरोध होता का?

सुरुवातीला ते सबुरीवाले होते, हे खरं. १७७४ आणि १७७५ मध्ये राजाशी समेट व्हावा म्हणून त्यांनी मनापासून प्रयत्न केले. पण सही नसण्याचं कारण साधं आहे. १७७६ च्या वसंतात ते फिलाडेल्फियातली काँटिनेंटल काँग्रेस सोडून न्यूयॉर्कच्या प्रांतिक काँग्रेसमध्ये कामाला आले होते. जुलैच्या सुरुवातीला फिलाडेल्फियात मतदान झालं तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींनी मतच दिलं नाही, कारण घरून आदेश नव्हता. तो आदेश ९ जुलैला व्हाइट प्लेन्स इथे निघाला आणि त्या ठरावाचा मसुदा जॉन जे यांचाच होता. फिलाडेल्फियाच्या कागदावर सही नसली, तरी न्यूयॉर्कची संमती त्यांच्या लेखणीतून उतरली.

राज्यघटनेवरही त्यांची सही नाही. १७८७ च्या अधिवेशनाला न्यूयॉर्कने त्यांना पाठवलंच नव्हतं.

५. ते वॉशिंग्टन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष होते असं फॉरवर्ड आलंय. खरं का?

नाही. डिसेंबर १७७८ ते सप्टेंबर १७७९ या काळात ते काँटिनेंटल काँग्रेसचे अध्यक्ष होते. ते पद आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या जवळ जाणारं होतं : सभा चालवायची, पत्रव्यवहार सांभाळायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचं आदरातिथ्य करायचं. हाती कार्यकारी सत्ता नव्हती. इंग्रजी शब्द एकच असल्याने हा घोळ होतो.

६. स्पेनमध्ये त्यांनी काय मिळवलं?

जवळजवळ काहीच नाही. १७७९ च्या शेवटी जहाजाने निघाले, तर भर समुद्रात जहाजाची डोलकाठी मोडली आणि कसेबसे कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाला लागले. जानेवारी १७८० मध्ये स्पेनच्या कादिस बंदरात पोचले, पण माद्रिदच्या दरबाराने त्यांना दूत म्हणून मान्यताच दिली नाही. इकडे काँग्रेसने, कर्ज मिळणारच असं गृहीत धरून, जॉन जे यांच्या नावावर एक लाख पौंडांच्या हुंड्या आधीच काढून ठेवल्या होत्या. हुंडीवाले दारात, खिशात दमडी नाही आणि यजमान दार उघडायला तयार नाही, अशी गत. दोन वर्षांत स्पेनने मोठ्या मिनतवारीने दीड-पावणेदोन लाख डॉलर सोडले आणि शेवटी काही हुंड्या न सकारता परत पाठवायची नामुष्की ओढवली. याच माद्रिदमध्ये त्यांची जेमतेम काही आठवड्यांची मुलगी गेली. स्पेनवरचा त्यांचा राग कधीच निवळला नाही, आणि युरोपातल्या गोड बोलणाऱ्या दरबारांवर विश्वास टाकायचा नाही, हा धडा ते तिथेच शिकले. पुढचं उत्तर त्याशिवाय कळत नाही.

७. पॅरिसच्या तहात त्यांचं नेमकं योगदान काय? श्रेय फ्रँकलिन यांचं नाही का?

दोघांचं. स्वातंत्र्ययुद्ध संपवणारा, इंग्लंडशी झालेला हा तह, आणि फ्रँकलिन पॅरिसमधले अमेरिकेचे दूत. जॉन अ‍ॅडम्सही होतेच. पण मधली एक घटना निखालस जॉन जे यांची आहे.

जून १७८२ मध्ये ते पॅरिसला आले. समोर ब्रिटिश वाटाघाटी करणारे रिचर्ड ऑस्वल्ड. वयस्कर, व्यापारी, स्वभावाने मोकळे. त्यांच्या अधिकारपत्रात ‘वसाहतींशी’ बोलणी करण्याचा अधिकार दिला होता. फ्रँकलिन यांचं म्हणणं, शब्दांत काय अडलंय, चालवून घेऊ. फ्रेंच परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन यांचंही तेच मत. जॉन जे अडून बसले : ‘तेरा संयुक्त संस्थानांशी’ असं लिहून आणा, तोवर बोलणी नाहीत. स्वातंत्र्य ही तहात मिळणारी देणगी नसून ते आधीच आमच्याकडे आहे, हा त्यांचा मुद्दा. सप्टेंबरमध्ये ऑस्वल्ड यांचं नवं अधिकारपत्र आलं आणि त्यात हवे ते शब्द होते.

दुसरी अडचण स्वतःच्याच काँग्रेसची होती. फ्रान्सला विचारल्याशिवाय काही करू नका, असे दूतांना स्पष्ट आदेश होते. त्यातच व्हेर्जेन यांचे सचिव गुपचूप लंडनला गेल्याचं जॉन जे यांच्या कानावर आलं. अ‍ॅपलाशियन डोंगर आणि मिसिसिपी नदी यांच्या मधली जमीन अमेरिकेला मिळू नये असा फ्रान्स-स्पेनचा बेत असल्याचा त्यांना संशय होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. फ्रँकलिन यांनाही न सांगता त्यांनी आपला माणूस लंडनला धाडला. जे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली एक गोष्ट अशी : फ्रँकलिन यांनी विचारलं, ‘काँग्रेसचे आदेश मोडणार?’ जॉन जे म्हणाले, ‘हो, हा पाइप मोडतो तसे,’ आणि हातातल्या मातीच्या पाइपचे तुकडे करून शेकोटीत फेकले. गोष्ट घरची आहे, तेव्हा मीठमसाला धरून चला. आदेश मोडले हे मात्र खरं. ३० नोव्हेंबर १७८२ ला प्राथमिक तहावर सह्या झाल्या आणि फ्रान्सला त्या झाल्यावर कळवलं गेलं. अमेरिकेची हद्द मिसिसिपीपर्यंत गेली. व्हेर्जेन यांची मनधरणी करण्याचं काम अर्थातच फ्रँकलिन यांच्या गळ्यात पडलं, आणि त्या गोड माणसाने माफी मागता मागता आणखी कर्जही मिळवलं.

एक आक्षेप नोंदवायला हवा. अधिकारपत्राच्या हट्टात कित्येक आठवडे गेले. त्याच काळात जिब्राल्टरवरचा स्पॅनिश हल्ला फसला आणि ब्रिटिशांचा सूर कडक झाला. आधीच आटपलं असतं तर जास्त पदरात पडलं असतं, असं काही इतिहासकार म्हणतात. मला हट्ट योग्यच वाटतो, पण तो फुकटात पडला नाही.

या वाटाघाटींचं एक चित्र बेंजामिन वेस्ट यांनी काढायला घेतलं होतं. डाव्या बाजूला अमेरिकन मंडळी, त्यांत जॉन जे उभे, आणि उजवी अर्धी बाजू नुसता रंग फासलेली, रिकामी. ब्रिटिश बाजूची माणसं चित्रासाठी बसलीच नाहीत.

८. फेडरलिस्टच्या ८५ निबंधांपैकी यांचे फक्त पाचच का? दगड लागला म्हणून ना?

फेडरलिस्ट म्हणजे नवी राज्यघटना मान्य व्हावी म्हणून जॉन जे, हॅमिल्टन आणि मॅडिसन यांनी लिहिलेली निबंधमाला. दगड लागला होता, पण कारण ते नव्हे. २, ३, ४, ५ आणि ६४ हे क्रमांक त्यांचे. पहिले चार १७८७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर झपाट्याने आले आणि मग संधिवाताने त्यांना अंथरुणाला खिळवलं. त्यामुळे भार हॅमिल्टन (५१) आणि मॅडिसन (२९) यांच्यावर पडला. तह करण्याच्या अधिकाराविषयीचा ६४ वा निबंध त्यांनी बरं वाटू लागल्यावर लिहिला. तो मार्च १७८८ चा.

दगडाची हकिगत त्यानंतरची, एप्रिल १७८८ ची. न्यूयॉर्कमध्ये शरीरशास्त्र शिकण्यासाठी कबरींतून प्रेतं चोरली जात. कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीतून जात होती तोवर कुणाला पर्वा नव्हती. गोऱ्यांच्या दफनभूमीवर हात पडला तेव्हा जमाव डॉक्टरांवर चालून गेला. जमावाला आवरायला गेलेल्या प्रतिष्ठितांत जॉन जे होते आणि एक दगड थेट डोक्यात बसला. तारखा लावून पाहिल्या की ‘दगडामुळे निबंध राहिले’ ही सोयीची गोष्ट गळून पडते.

९. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जन्माने नागरिक असला पाहिजे, ही अट यांनी घातली का?

घातली नाही, सुचवली. २५ जुलै १७८७ रोजी त्यांनी वॉशिंग्टन यांना पत्र लिहिलं : सैन्याचं सर्वोच्च प्रमुखपद जन्मजात नागरिकाखेरीज कुणाला देऊ नये, अशी तरतूद करणं शहाणपणाचं ठरणार नाही का? पुढे तीच अट घटनेत आली. भारतात अशी अट नाही. आपल्या घटनेच्या ५८ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती भारताचा नागरिक असला म्हणजे पुरे, जन्माने की नोंदणीने हा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या नातवंडांबद्दल विचारणाऱ्यांना सांगतो : हो, ती लढवू शकतात. वय पस्तीस होऊ द्या.

१०. पहिले सरन्यायाधीश म्हणून काम कसं होतं?

कंटाळवाणं आणि धुळीचं. १ फेब्रुवारी १७९० ला न्यूयॉर्कच्या रॉयल एक्स्चेंज इमारतीत न्यायालय पहिल्यांदा बसलं. सहा न्यायाधीशांपैकी तिघेच आले, गणसंख्या भरली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. ऐकायला एकही खटला नव्हता. सरन्यायाधीशांचा पगार वर्षाला चार हजार डॉलर.

खरा त्रास फिरतीचा होता. वर्षातून दोनदा न्यायाधीशांनी आपापल्या विभागात जाऊन न्यायालयं भरवायची. चिखलाचे रस्ते, ढेकणांच्या खाणावळी आणि महिनोन्‌महिने घरापासून दूर. ही फिरती बंद करा म्हणून त्यांनी इतर न्यायाधीशांसह तक्रारही केली, पण काँग्रेसने थोडीफार सवलत देऊन विषय मिटवला. पुढे हे पद पुन्हा देऊ केलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं, त्याचं मूळ इथे आहे (प्रश्न १८).

११. चिझम विरुद्ध जॉर्जिया हा खटला इतका गाजला का?

युद्धात पुरवलेल्या मालाचे पैसे जॉर्जिया राज्याने बुडवले. दक्षिण कॅरोलिनातल्या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक चिझम याने थेट राज्यावर दावा लावला. जॉर्जियाने कोर्टात यायलाच नकार दिला : आम्ही सार्वभौम, आमच्यावर खटला कसला? फेब्रुवारी १७९३ मध्ये चार विरुद्ध एक मताने निकाल लागला, की खटला चालेल. जॉन जे यांनी लिहिलं त्याचा गाभा असा, की इथे सार्वभौम जनता आहे, राज्य सरकारं नव्हेत. राज्यं खवळली. दोन वर्षांच्या आत अकरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन निकाल पुसला गेला. पहिला मोठा निकाल आणि तोच घटनादुरुस्तीने उलटवलेला, अशी ही गत. तर्क मात्र आजही कायद्याच्या वर्गात वाचला जातो.

१२. त्यांनी वॉशिंग्टन यांना सल्ला द्यायला नकार दिला होता म्हणे?

हो, आणि सरन्यायाधीश म्हणून त्यांचं सर्वांत टिकाऊ काम मी यालाच म्हणतो. १७९३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्धात अमेरिका तटस्थ होती. फ्रेंच जहाजांचं काय करायचं, कोणता तह कुठवर बांधील, असे तब्बल २९ प्रश्न सरकारने न्यायाधीशांकडे पाठवले. ८ ऑगस्टला उत्तर गेलं, अतिशय नम्र आणि ठाम : आम्ही शेवटच्या पायरीचं न्यायालय आहोत, खटल्याबाहेर मत देणं योग्य नाही, सल्ल्यासाठी आपल्याकडे मंत्री आहेत.

भारतीय वाचकाला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपल्याकडे अनुच्छेद १४३ खाली राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवू शकतात. अमेरिकेच्या संघीय न्यायालयात ती सोय नाही, आणि ती वाट १७९३ च्या या पत्राने बंद झाली.

१३. सरन्यायाधीश असताना निवडणूक लढवली, दूत म्हणूनही गेले. हे चालतं का?

तेव्हा चाललं. १७९२ मध्ये सरन्यायाधीशपदी असतानाच ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. मतं बहुधा त्यांनाच जास्त पडली होती, पण तीन परगण्यांतल्या मतपेट्या तांत्रिक कारण काढून बाद केल्या गेल्या आणि जॉर्ज क्लिंटन १०८ मतांनी विजयी ठरले. ओत्सिगो परगण्यात तर आक्षेप असा, की मतपेट्या पोचवणाऱ्या शेरीफची मुदत संपली होती! समर्थक रस्त्यावर उतरायला तयार होते, जॉन जे यांनी त्यांना शांत केलं.

१७९४ मध्ये राजीनामा न देता तहाची बोलणी करायला लंडनला गेले. सिनेटमध्ये त्यावर टीका झाली आणि १८ विरुद्ध ८ मतांनी नेमणूक मंजूर झाली. आजच्या नजरेने हे खटकतं, मलाही खटकतं. प्रश्न १२ मधला करारी न्यायाधीश आणि हा राजदूत एकच, हे पचवावं लागतं.

१४. जे तहावर लोक एवढे का चिडले? पुतळे खरंच जाळले का?

जाळले, ठिकठिकाणी. आपल्याच जळत्या पुतळ्यांच्या उजेडात मी देशभर रात्रीचा फिरू शकेन, असं ते म्हणाल्याचं सांगतात.

तह झाला १९ नोव्हेंबर १७९४ रोजी, समोर ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॉर्ड ग्रेनव्हिल. मिळालं ते असं : अमेरिकेच्या हद्दीत ठाण मांडून बसलेल्या ब्रिटिश फौजांनी जून १७९६ पर्यंत वायव्येकडचे किल्ले सोडायचे, पकडलेल्या जहाजांची भरपाई आणि युद्धापूर्वीची कर्जं लवादाकडे सोपवायची. मिळालं नाही ते असं : अमेरिकन खलाशांना जबरदस्तीने ब्रिटिश आरमारात भरती करण्याला आळा नाही, आणि ब्रिटिशांबरोबर गेलेल्या गुलामांची भरपाई नाही. दक्षिणेचा राग या दुसऱ्या मुद्द्यावर जास्त होता. सगळ्यात लाजिरवाणं १२ वं कलम. वेस्ट इंडीजच्या व्यापारात सत्तर टनांपेक्षा मोठी अमेरिकन जहाजं नकोत, आणि मोबदल्यात साखर, कॉफी, कापूस अमेरिकेने बाहेर पाठवायचा नाही. कापूस! त्याच वर्षी सरकी काढण्याच्या यंत्राला पेटंट मिळालं होतं आणि काही वर्षांतच कापूस अमेरिकेची मुख्य निर्यात होणार होता. वाटाघाटीच्या टेबलावर ते कुणाच्या ध्यानातही आलं नसावं.

सिनेटने हे कलम वगळून २४ जून १७९५ ला तह मंजूर केला, २० विरुद्ध १०. दोन तृतीयांश लागतात, म्हणजे एक मत फिरलं असतं तरी तह पडला असता. मजकूर गुप्त ठेवायचा होता, पण एका सिनेटरने तो वर्तमानपत्राला दिला. छापणारा बेंजामिन बाश, म्हणजे पॅरिसला जॉन जे यांच्या शेजारी बसलेल्या फ्रँकलिन यांचाच नातू. न्यूयॉर्कमध्ये तहाच्या बाजूने बोलणाऱ्या हॅमिल्टन यांच्यावर दगड आले. तहासाठी लागणारा पैसा प्रतिनिधीगृहाने १७९६ मध्ये ५१ विरुद्ध ४८ मतांनी, नाक मुरडत मंजूर केला.

माझं मत विचाराल तर तह कमकुवत होता, आणि आरमार नसलेल्या देशाला त्याहून फार बरा मिळाला नसता. इंग्लंडशी होणारं युद्ध अठरा वर्षं पुढे ढकललं गेलं.

१५. या तहाचा मुंबईशी संबंध आहे असं तुम्ही व्याख्यानात म्हणालात. तो कसा?

१३ व्या कलमामुळे. ईस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश बंदरांत अमेरिकन जहाजांना रीतसर प्रवेश मिळाला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई त्यांत आलीच. अमेरिकन जहाजं त्याआधीही येत होती, पण स्थानिक अधिकाऱ्यांच्या मर्जीवर. आता हक्क मिळाला आणि जहाजावरचा बंदरकर ब्रिटिश जहाजांना अमेरिकन बंदरांत पडेल तेवढाच ठरला. अटी दोन : इथला माल थेट अमेरिकेतच उतरवायचा, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने इथला व्यापार करायचा नाही. तहाची ही कलमं बारा वर्षांच्या मुदतीची होती.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. त्याच १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी शिंदे वानवडीला वारले होते आणि सह्यांनंतर चारच महिन्यांनी खर्ड्याची लढाई झाली. पुणे दरबाराला या कलमाची खबर असण्याचं काही कारण नव्हतं.

१६. गुलामगिरीविरुद्ध लढले म्हणतात, आणि स्वतःकडे गुलामही होते. खरं काय?

दोन्ही खरं, आणि कुठलंही एक लपवून दुसरं सांगू नये.

१७८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गुलाममुक्तीसाठी सोसायटी स्थापन झाली, पहिले अध्यक्ष जॉन जे. या सोसायटीने कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली. गव्हर्नर असताना १७९९ चा कायदा त्यांच्या सहीने झाला : त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल स्वतंत्र. पण मुलाने २८ आणि मुलीने २५ वर्षांची होईतो आईच्या मालकाकडे राबायचं. आधी जन्मलेल्यांना या कायद्याने काहीच दिलं नाही. न्यूयॉर्कमधली गुलामगिरी संपायला ४ जुलै १८२७ उजाडावा लागला.

आणि घरात? १७९० च्या जनगणनेत त्यांच्या घरी पाच गुलाम आहेत. आपण गुलाम विकत घेतो आणि त्यांच्या चाकरीतून पुरेशी फेड झाली की मोकळं करतो, अशी त्यांची मांडणी होती. मार्टिनिकला (प्रश्न ६) त्यांनी बेनवा नावाचा मुलगा विकत घेतला आणि १७८४ मध्ये आणखी तीन वर्षांच्या चाकरीच्या अटीवर मुक्तीचा कागद करून दिला.

अ‍ॅबीची गोष्ट मात्र त्या मांडणीत बसत नाही. ही बाई गुलाम म्हणून कुटुंबाबरोबर पॅरिसला आली होती. १७८३ मध्ये जॉन जे इंग्लंडला गेले असताना ती घर सोडून एका धोबिणीकडे कामाला गेली. फ्रँकलिन यांच्या नातवामार्फत पोलिसांना सांगून तिला पकडलं, तुरुंगात टाकलं. काही दिवस तिथेच राहू द्या, डोकं ठिकाणावर येईल, असा सल्ला खुद्द फ्रँकलिन यांनी दिला. ती परत यायला तयार नव्हती. थंडीत आजारी पडली, तेव्हा परत आणली आणि थोड्याच दिवसांत मेली. स्वातंत्र्याच्या अंतिम तहावर त्याच शहरात, त्याच वर्षी ३ सप्टेंबरला सह्या झाल्या होत्या. नकार देण्यात वाकबगार असलेल्या माणसाच्या घरात तिचा नकार कुणी ऐकला नाही.

१७. ‘देश ज्यांच्या मालकीचा, त्यांनीच तो चालवावा’ हे वाक्य यांचंच का?

हे त्यांचं आवडतं वचन होतं, असं त्यांचे चिरंजीव विल्यम यांनी लिहून ठेवलं आहे. जॉन जे लोकशाहीवादी नव्हते, मालमत्ता असलेल्यांचाच भरवसा धरणारे होते. कॅथलिकांविषयीही मन साफ नव्हतं. १७७७ च्या राज्यघटनेच्या वेळी त्यांच्यावर निर्बंध घालायचा त्यांनी प्रयत्न केला. ह्युगेनो घराण्याच्या आठवणींचा त्यात वाटा असेल, पण म्हणून ते समर्थनीय होत नाही.

१८. दुसऱ्यांदा सरन्यायाधीशपद मिळत असताना का नाकारलं?

१८०० साली त्यांच्यापुढे दोन मोह आले. मे महिन्यात हॅमिल्टन यांचं पत्र आलं : न्यूयॉर्कचं नवं विधिमंडळ जेफर्सन यांच्या बाजूचं निवडून आलंय, ते बसण्याआधी जुन्याला बोलवा आणि राष्ट्राध्यक्षाचे मतदार निवडण्याची पद्धतच बदला. गव्हर्नर जॉन जे यांनी त्या पत्रावर शेरा मारला, की पक्षासाठी सुचवलेला हा उपाय अवलंबणं मला शोभणार नाही, आणि पत्र बासनात ठेवलं. स्वतःचा पक्ष हरणार हे दिसत असताना!

डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी न विचारताच त्यांचं नाव सरन्यायाधीशपदासाठी पाठवलं आणि सिनेटने मंजूरही केलं. २ जानेवारी १८०१ ला त्यांचं उत्तर गेलं. या न्यायालयाला जोर, वजन आणि प्रतिष्ठा नाही असं त्यांनी लिहिलं, आणि प्रकृतीचंही कारण दिलं. मग अ‍ॅडम्स यांनी जॉन मार्शल यांना नेमलं. मार्शल चौतीस वर्षं त्या पदावर राहिले आणि त्यांनीच त्या न्यायालयाला वजन मिळवून दिलं. जॉन जे यांचा अंदाज साफ चुकला, आणि त्या चुकीने देशाचं भलं झालं.

१९. निवृत्तीनंतर काय केलं?

न्यूयॉर्कच्या उत्तरेला बेडफर्ड इथे शेती. सारा यांना तिथलं सुख लाभलं नाही, १८०२ मध्येच त्या गेल्या. पुढची सत्तावीस वर्षं शेत, नातवंडं, धार्मिक वाचन, आणि मधूनच एखादं पत्र, जसं १८१९ मध्ये मिझुरीत गुलामगिरी पसरू देऊ नये म्हणून लिहिलेलं. मृत्युपत्रात त्यांनी लिहिलं : अंत्यविधी साधा ठेवा, उपरणी आणि अंगठ्या वाटू नका, त्याऐवजी गावातल्या एखाद्या गरजू विधवेला किंवा अनाथाला दोनशे डॉलर द्या. बेडफर्डचं घर आज पाहता येतं. समाधी रायच्या घरगुती दफनभूमीत आहे.

२०. जे तहाखाली ‘इंडियन’ लोकांना कॅनडातून अमेरिकेत व्हिसाशिवाय जाता येतं असं वाचलं. मी टोरोंटोत असतो, मूळचा साताऱ्याचा. मला चालेल का?

नाही. हा प्रश्न दरवर्षी निदान दोनदा येतो, म्हणून हसू आवरून सविस्तर लिहितो. तहाच्या तिसऱ्या कलमात हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या मूळ रहिवासी जमातींना मोकळेपणी ये-जा करण्याची मुभा आहे. ‘इंडियन’ म्हणजे ते, आपण नव्हे. अमेरिकेने ती तरतूद आपल्या स्थलांतर कायद्यात आजही ठेवली आहे : कॅनडात जन्मलेल्या आणि किमान पन्नास टक्के मूळ रहिवासी वंशाच्या माणसाला अमेरिकेत राहता येतं, कामही करता येतं. वंशाचा पुरावा मात्र द्यावा लागतो. उलट दिशेने कॅनडा हा हक्क मानत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना कॅनडात जाताना तहाचा उपयोग होत नाही. साताऱ्याच्या माणसाने नेहमीच्या रांगेत उभं राहून व्हिसा काढावा.